फोटो देता, तर मोजपट्टीही द्या : अंतराळ संस्थांच्या प्रसिद्धी विभागांना खुले पत्र

प्रति,
ग्रह आणि चंद्रांच्या पृष्ठभागाचे फोटो प्रसिद्ध करणाऱ्या अंतराळ संस्थांचे प्रसिद्धी विभाग

महोदय, महोदया,

आपल्यापैकी एका कार्यालयाकडून आलेल्या दोन ओळींच्या उत्तरामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. कार्यालयाचे नाव मी घेणार नाही. तक्रार एका कार्यालयाची नसून पद्धतीची आहे, आणि ती पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच आहे.

मी हौशी आकाशनिरीक्षकांना शिकवते. आमच्या गटातल्या काही विद्यार्थ्यांना रोव्हरने, म्हणजे परग्रहावर फिरणाऱ्या यंत्रगाडीने, पाठवलेल्या एका फोटोत काटकोनात कापल्यासारखा दगड दिसला. 'हा कोणी घडवला?' असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या : दगड कॅमेऱ्यापासून किती लांब आहे, फोटो घेतला तेव्हा सूर्य कुठे होता, आणि त्याच जागेचा दुसऱ्या वेळी घेतलेला फोटो आहे का. उत्तर आले ते असे, की ओळखीचे आकार दिसणे हा मेंदूचा स्वभाव आहे, त्याला पॅरेडोलिया म्हणतात, आणि आपल्या उत्सुकतेबद्दल आभार. तिन्ही प्रश्न जिथल्या तिथे राहिले.

तो दगड नैसर्गिकच असणार, असे मलाही वाटते. आपला निष्कर्ष चुकला, असे माझे म्हणणे नाही. पण निष्कर्षापर्यंत कसे पोचायचे हे दाखवण्याची संधी आपल्या हातात होती आणि आपण ती एका शब्दावर वाया घालवली. 'तुम्हाला भास झाला' एवढे ऐकले की विचारणारा गप्प बसतो. 'हा भास आहे हे आम्ही असे तपासले' असे ऐकले असते तर पुढचा फोटो त्याने स्वतः तपासला असता.

दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे दिवा आणला की प्रश्न मिटतो. 'तुझे डोळे फसवे आहेत' असे सांगून तो मिटत नाही, कारण अंधारात एखादे वेळी खरेच साप असतो. आपल्याकडे दिवे आहेत. आमच्याकडे आपण दिलेला फोटो सोडून काहीच नाही.

आपण दिवा आणलात तेव्हा काय घडले, याची नोंद आपल्याच दप्तरात आहे. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ चे ऑर्बिटर (ग्रहाभोवती फिरणारे यान) मंगळाच्या सायडोनिया भागावरून जात होते. व्हायकिंग २ साठी उतरण्याची जागा शोधणे चालू होते. एका टेकडीवर सावल्या अशा पडल्या की डोळे, नाक, तोंड असलेला चेहराच आकाशाकडे बघतो आहे असे वाटावे. नासाने काही दिवसांतच तो फोटो प्रसिद्ध केला आणि हा सावल्यांमुळे होणारा भास आहे असे सोबत स्पष्ट लिहिले. म्हणजे खुलासा पहिल्याच दिवशी झाला होता. तरी वाद पाव शतक चालला.

तो का चालला, याचे उत्तर लोकांच्या भोळेपणात शोधणे सोपे आहे. मला ते फोटोतच दिसते. व्हायकिंगच्या चांगल्यात चांगल्या फोटोतही एका पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान ठिपक्यात, ४३ मीटर जमीन मावत होती. दोनेक किलोमीटरची टेकडी त्यात मोजक्या ठिपक्यांची झाली होती. शिवाय मंगळाहून पृथ्वीवर येताना काही ठिपक्यांची माहिती गळाली आणि तिथे काळे डाग राहिले. त्या 'चेहऱ्याच्या' एका डोळ्याचा काही भाग आणि नाकपुडी या गळतीतूनच झाली होती. वर्तमानपत्रात फोटो पाहणाऱ्याला हे कसे कळावे? त्याच्या लेखी काळा ठिपका म्हणजे सावली, आणि सावली म्हणजे खड्डा. दिसले त्याचा अर्थ त्याने सरळपणे लावला होता.

मग ५ एप्रिल १९९८ रोजी मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने त्याच टेकडीचा दहापट स्पष्ट फोटो घेतला. टेकडी टेकडीच निघाली. पण तिथे तेव्हा हिवाळा होता, हवेत विरळ ढग होते, आणि चेहऱ्यावर विश्वास असलेल्यांनी ढगांकडे बोट दाखवले. इथे 'आता पुरे' असे म्हणून फाइल बंद करता आली असती. तसे झाले नाही. ८ एप्रिल २००१ रोजी, निरभ्र हवेत, यान २५ अंशांनी कलवून पुन्हा फोटो घेतला गेला. या वेळी एका पिक्सेलमध्ये १.५६ मीटर जमीन होती. यानावरच्या लेसर उंचीमापकाचे आकडे वापरून टेकडीचे त्रिमितीय रूप तयार केले गेले. त्यात ना डोळे होते ना नाक. झिजत आलेला, कडा तुटलेला एक डोंगरमाथा होता. पुढे मार्स एक्सप्रेस आणि मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यांनीही त्याच जागेचे फोटो घेतले आणि तेच दिसले.

२००१ चा तो फोटो मी प्रत्येक नव्या गटाला दाखवते. आक्षेप घेणाऱ्याला उडवून न लावता, त्याचा आक्षेप जसा होता तसा मान्य करून तो तपासला, याचा तो पुरावा आहे. मग हाच शिरस्ता का पडला नाही? पुढच्या प्रत्येक 'चेहऱ्याला', 'दरवाजाला' आणि 'झोपडीला' उत्तर म्हणून फक्त पॅरेडोलिया हा शब्द का मिळाला?

भास होणे हे अडाणीपणाचे लक्षण नाही, हे आपण जाणता. १८७७ साली मिलानमध्ये खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लींनी मंगळावर सरळ रेषांचे जाळे पाहिले, तेव्हा ते युरोपातल्या नावाजलेल्या निरीक्षकांपैकी होते. पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये फ्लॅगस्टाफला मंगळासाठीच वेधशाळा उभारली आणि बुद्धिमान जीवांनी खोदलेल्या कालव्यांचे नकाशे वर्षानुवर्षे काढले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. या वादात मला सर्वांत आवडलेले काम खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड माँडर आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांचे आहे. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ग्रिनिचच्या शाळेतल्या मुलांसमोर मंगळाचे चित्र ठेवले होते. त्यात रेषा नव्हत्या, नुसते ठिपके आणि धूसर डाग होते. मुलांना दिसेल ते काढायला सांगितले. काही अंतरावर बसलेल्या मुलांपैकी अनेकांनी सरळ रेषा काढल्या. माँडर यांनी लॉवेलना खोटे ठरवले नाही. डोळा सुटे ठिपके कसे जोडतो, ते सर्वांसमोर करून दाखवले. १९०९ मध्ये फ्रान्समधल्या म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटर दुर्बिणीतून खगोलशास्त्रज्ञ अँटोनियाडींना त्या रेषांच्या जागी बारीकसारीक अनियमित डाग दिसले, आणि १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने विवरांनी भरलेली जमीन दाखवली.

एवढ्या इतिहासातून कसोटी मिळते ती साधी आहे. वस्तू खरी असेल तर जवळ जाताना तपशील वाढतात आणि ते एकमेकांशी जुळतात. ऊन फिरले, बाजू बदलली, तरी तिचा आकार टिकतो. भास मात्र एका कोनावर, एका वेळच्या उन्हावर आणि ठरावीक धूसरपणावर अवलंबून असतो. यातली एक गोष्ट बदलली की तो विरतो. ही कसोटी कोणीही लावू शकतो, पण त्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे असते आणि फोटोबरोबर ती येत नाही. माझ्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आकाराबद्दल आहे. ७ मे २०२२ रोजी क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळावरच्या माउंट शार्प डोंगराच्या उतारावरच्या एका कड्याचे फोटो घेतले. त्यातला एक तुकडा जगभर फिरला, कारण त्यात खडकात कोरलेला दरवाजा दिसत होता. त्या 'दरवाजाची' उंची होती सुमारे ३० सेंटिमीटर आणि रुंदी ४०. खडकातल्या दोन-तीन सरळ भेगा एकमेकींना छेदतात तिथला तुकडा निखळून पडला की अशी खाच तयार होते. त्याच कड्यावर अशा सरळ भेगा आणखीही होत्या. नासाने मापे सांगितली, हे खरे आहे. पण ती आली तोवर दरवाजा लोकांच्या मनात माणसाच्या उंचीचा झाला होता. २००७ मध्ये स्पिरिट रोव्हरने टिपलेली बसलेल्या बाईसारखी आकृती आठवा. ती बोटभर उंचीचा दगड होती, रोव्हरपासून काही मीटरवर. मंगळावर झाड नाही, माणूस नाही, ओळखीचे काहीच नाही. डोळ्याला माप घ्यायला आधारच नाही. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात छोटी मोजपट्टी असती तर या दोन्ही बातम्या जन्मण्याआधीच संपल्या असत्या. दोन डोळ्यांसारख्या जोडीने बसवलेल्या स्टिरिओ कॅमेऱ्यांमुळे आपल्याला अंतर कळते, अंतरावरून आकार कळतो. मग तो आकडा फोटोवर का नसतो?

दुसरी तक्रार उन्हाची. प्रकाश वरून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो. कक्षेतून घेतलेला फोटो उत्तर दिशा वर ठेवून छापला आणि ऊन खालच्या बाजूने आलेले असले, की विवरे टेकड्यांसारखी फुगलेली दिसतात आणि टेकड्या खड्ड्यांसारख्या. फोटो उलटा धरला की सगळे जागेवर येते. कित्येक 'घुमट' आणि 'मनोरे' याच गफलतीतून निघतात. सूर्य क्षितिजालगत असला तर लहानशा खडकाचीही लांबच लांब सावली पडते. १९६६ मध्ये ल्युनर ऑर्बिटर २ ने चंद्रावर टिपलेल्या टोकदार सावल्यांवरून लोकांनी तिथे स्तंभ उभे केले, ते असेच. सूर्याची दिशा दाखवणारा एक बाण आणि त्याच्या उंचीचा एक आकडा, एवढेच मागणे आहे.

तिसरी तक्रार फोटोवर केलेल्या प्रक्रियेची. भास आणि वस्तू यांच्या जोडीला तिसरी शक्यता असते : चित्रातलाच दोष. सायडोनियाची नाकपुडी तशी होती. जेपेग पद्धतीने फोटो दाबून लहान केला की तो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत तुटतो, आणि तोच फोटो ताणून मोठा केला की त्या चौकोनांच्या कडा भिंतींसारख्या दिसू लागतात. कडा ठळक करणारी प्रक्रिया दगडाभोवती उजळ रेघ काढते. अलीकडे तर धूसर फोटो एआयला देऊन 'स्पष्ट' करण्याची टूम निघाली आहे. असे सॉफ्टवेअर फोटोत नसलेला तपशील पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून भरते, म्हणून त्यातून निघालेले नाक-डोळे मंगळावरचे नसतात. हे बाहेरचे लोक करतात, त्याला आपण जबाबदार नाही. पण आपण प्रसिद्ध केलेल्या सुंदर, रंग वाढवलेल्या फोटोवर 'काय काय बदलले' हे एका ओळीत लिहिलेले असेल, तर बाहेरच्यांनाही तीच सवय लावता येईल.

नावांबद्दलही बोलले पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरच्या युतू-२ या चिनी रोव्हरला क्षितिजावर एक चौकोनी ठोकळा दिसला. रोव्हरपासून तो सुमारे ८० मीटरवर होता. त्याचे 'गूढ झोपडी' हे नाव कोण्या अफवाबाजाने ठेवले नव्हते. चीनच्या अंतराळ प्रशासनाशी जोडलेल्या प्रसिद्धी माध्यमातूनच ते बाहेर आले. जानेवारी २०२२ मध्ये रोव्हर जवळ गेला तेव्हा तिथे लहानसा दगड होता. जवळ जाऊन पाहिले ते उत्तमच केले, पण मधल्या काळात जगभर पसरलेली झोपडी त्या दगडाला पुरून उरली. मरिनर ९ ने १९७२ मध्ये मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ काटकोनांत छेदणाऱ्या भिंतींसारख्या रांगा टिपल्या, तेव्हा त्यांना 'इंका सिटी' म्हणणारे शास्त्रज्ञच होते. ते कोडे कसे सुटले हे जाणण्यासारखे आहे. तिथे जवळून पाहून भागले नाही, मागे सरून पाहावे लागले. २००२ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या विस्तृत फोटोंत त्या रांगा सुमारे ८६ किलोमीटर व्यासाच्या एका मोठ्या वर्तुळाचा भाग आहेत असे दिसले. बहुधा जुन्या आघाती विवराचे ते अवशेष असावेत. तुकडा कापून दाखवला की शहर, पूर्ण दाखवला की विवर. म्हणून कापलेल्या फोटोशेजारी पूर्ण फोटो असायलाच हवा.

शेवटची तक्रार मला जास्त लागते. लोकांचे डोळे फसतात हे आपण वारंवार सांगता. त्याच डोळ्यांनी काय शोधले, ते त्याच वाक्यात कधी सांगत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम लँडर चंद्रावर आदळले. ल्युनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने त्या भागाचे फोटो घेतले आणि नासाने ते सर्वांसाठी खुले केले. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून ठिपका न् ठिपका पडताळला. त्यांना आधी नसलेला एकच उजळ पिक्सेल सापडला. एका पिक्सेलवरून सुतावरून स्वर्ग गाठला, असे म्हणून त्यांची बोळवण करता आली असती. नासाच्या चमूने ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधल्या नव्या फोटोंशी तो ताडून पाहिला आणि २ डिसेंबर २०१९ रोजी त्यांचे नाव घेऊन जाहीर केले की हा विक्रमचाच अवशेष आहे. डिसेंबर २००३ मध्ये मंगळावर हरवलेले बीगल २ हे यानही जानेवारी २०१५ मध्ये असेच फोटोंतल्या काही उजळ ठिपक्यांवरून ओळखले गेले.

जून २०२२ मध्ये मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला दगडात अडकलेला चकचकीत पत्रा दिसला. तो खरेच कृत्रिम होता : रोव्हरला खाली उतरवणाऱ्या यंत्रणेच्या उष्णतारोधक आवरणाचा तुकडा, ती यंत्रणा जिथे आदळली तिथून सुमारे दोन किलोमीटरवर. म्हणजे 'मंगळावर बनवलेली वस्तू दिसते आहे' या वाक्याचे उत्तर कधी कधी 'हो, आणि ती आम्ही बनवलेली आहे' असे असते. जानेवारी २०१४ मध्ये मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरसमोर, ३५२८ व्या मंगळदिवशी जिथे काहीच नव्हते तिथे, ३५४० व्या दिवशी पांढऱ्या काठाचा आणि लाल पोटाचा दगड येऊन बसला होता. तो भास नव्हता, दगड खरेच नवा आला होता. आसपासचे फोटो धुंडाळल्यावर कळले की रोव्हरच्या चाकाखाली खडक फुटला आणि त्याचा तुकडा तिथे जाऊन पडला. ही उदाहरणे पाहिल्यावर, फोटोत काही विचित्र दिसले असे म्हणणाऱ्याला तपासण्याआधीच 'भास' हे उत्तर देणे मला अशास्त्रीय वाटते.

दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे असे आकार खरे मानणाऱ्यांनाही, सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. लाखो फोटोंत कोट्यवधी दगड आहेत, त्यांतले काही चेहऱ्यासारखे दिसणारच. चेहरा पाठवताना शेजारचे बिनचेहऱ्याचे दगडही पाठवा. आणि कोणता फोटो पाहिला तर तुमचे मत बदलेल, ते आधी सांगा. हे सांगता येत नसेल तर अंतराळ संस्थेकडे नवा फोटो मागण्यात अर्थ नाही.

आता मागण्या. यांतल्या बहुतेकांना नवे यान लागत नाही.

प्रसिद्धीसाठी दिलेल्या प्रत्येक पृष्ठभाग-फोटोवर मोजपट्टी, सूर्याच्या दिशेचा बाण आणि सूर्याची उंची छापा. रोव्हरच्या फोटोत निदान एका ठळक वस्तूचे अंतर द्या.

कच्चा फोटो, त्याची तारीख आणि केलेल्या प्रक्रियेची यादी सोबत जोडा. नासासह काही संस्था कच्चे फोटो खुले ठेवतात, त्याबद्दल मनापासून आभार. पण संग्रह खुला आहे एवढे पुरत नाही, प्रसिद्ध केलेल्या फोटोवरून त्याच्या मूळ फोटोपर्यंत एका टिचकीत पोचता आले पाहिजे.

फोटोचा तुकडा कापून दिला तर पूर्ण फोटोही शेजारी ठेवा. आणि तपासल्याशिवाय 'दरवाजा', 'झोपडी' अशी नावे आपल्या मजकुरात वापरू नका, गमतीनेसुद्धा.

एखाद्या आकाराबद्दल बरेच लोक विचारू लागले तर त्याच जागेचे वेगळ्या उन्हातले, वेगळ्या कोनातले उपलब्ध फोटो एकत्र करून द्या. नसतील तर पुढची संधी कधी येईल ते सांगा. नवा फोटो घेणार असाल, तर त्यात काय दिसल्यास काय मानायचे हे फोटो घेण्याआधी जाहीर करा, म्हणजे १९९८ च्या ढगांसारखा वाद नंतर उरणार नाही. यासाठी मोहिमेचा मोलाचा वेळ खर्च होतो, हे मी जाणते. म्हणून प्रत्येक हट्टासाठी यान वळवा असे मी म्हणत नाही. बहुतेक प्रश्नांची उत्तरे आधीच घेतलेल्या फोटोंत असतात, ती शोधून द्यायला एक माणूस आणि थोडा वेळ लागतो.

आणि पॅरेडोलिया हा शब्द वापरायचाच असेल, तर तो उत्तराच्या शेवटी वापरा, तपासणी सांगून झाल्यावर.

या पत्राचे उत्तर मला खासगीत नको. यांतली कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, ते आपल्या फोटोंच्या पानावरच लिहा. 'नाही' असेल तर तेही चालेल, कारण मात्र सांगा.

आपली विश्वासू,
आकाशनिरीक्षण वर्गाची एक शिक्षिका